एकाच खणातले दोन शिक्के

तक्रार केली की फरक पडतो, असं मीच तुम्हाला सांगत फिरायचे ना? मग हे ऐका. माझ्या मामाचा मुलगा दीपकदादा रोह्यातल्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. हातावर ॲसिड उडालं म्हणून आठवडाभर घरी राहिला, तर कंत्राटदाराने त्याचा गेटपासच बंद केला. मी म्हटलं, "चल, पेणला भाऊंकडे जाऊ." भाऊ म्हणजे कामगार संघटनेचे अध्यक्ष. स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून त्यांनी एकेकाळी याच कंपनीचं गेट अडवलं होतं.

भाऊंनी माझा अर्ज वाचला आणि टेबलावर हात आपटला. "अन्याय हाय हा! पोराला परत घेतलाच पायजे." खणातून शिक्का काढून त्यांनी अर्जावर अध्यक्ष म्हणून शिफारस लिहिली.

"आता कंत्राटदाराला कुठे नेऊन द्यायचा?" मी विचारलं.

"इथंच द्या की." त्यांनी त्याच खणातून दुसरा शिक्का काढला आणि कंत्राटदार म्हणून मला पोच दिली. "कंत्राटाची एजन्सी आपलीच हाय. सगळं कायदेशीर, जीएसटीसकट. तुमची मागणी रास्त हाय, पण आम्हाला पण परवडायला पायजे ना!"

बाहेर आल्यावर मी कामगार आयुक्त, माहिती अधिकार असं तावातावाने बोलत सुटले. दादा भाजलेल्या हाताने पोचेची घडी घालत होता.

"बाबांना कंपनीत लावताना भाऊंनी पाकीट घेतलेलं," तो म्हणाला. "पण मग आमच्यासाठी कंपनीशी भांडले तरी. आता पाकीट पण मागत नाय गो."