दोघींच्या नावाचं घर

माहेर माहं नागभीडकडचं, धानाचं गाव. बाप दुसऱ्याच्या बांधीत राबे, आमी बहिनी रोवन्याले जाऊ, घर म्हनजे कुडाच्या भिंती अन् वर तनस. लगन होऊन या कोयशाच्या खानीवर आली तं दगडाचं घर मी पहिल्यांदा पाह्यलं भाऊ, हेच, ज्याच्या ओसरीत तुमी बसून राह्यले.

तवा हे आमचं नव्हतं. बांधलं होतं सिरोंचाकडच्या एका ठेकेदारानं, राजन्ना त्याचं नाव, खानीले लाकूड पुरवे तो, तं आलापल्लीच्या जंगलातलं चांगलं चांगलं सागवान त्यानं आपल्याच घराले लावलं, वर पाहा, अजून छताची एक पाटी वाकली नाई. पन त्याच्या बायकोले इथी करमेना, तिले तेलुगूशिवाय काही येये ना, बोलन कोनाशी? मंग गेले ते परत, अन् घर घेतलं करीमभाऊनं. करीमभाऊ म्हनजे खानीतला पंपमिस्त्री. समोर तो अन् त्याची बायको जैतूनबी, मागच्या दोन खोल्यांत आमी दोघं. आमचे हे त्याच्याच हाताखाली पंपावर होते.

जैतूनबी अन् मी, काय सांगू तुमाले, सख्ख्या बहिनी नाई राहत तशा राह्यलो. लेकरू तिलेही नव्हतं, मलेही नव्हतं. मंग स्वराज्य येऊन पाच-सात वर्सं झाली असतीन, तिले दिवस गेले. त्या दिवशी सकायपासून तिच्या पोटात कया, सुईन म्हने पोर आडवं आहे, मले काही भरोसा नाई, हिच्या मानसाले बोलवा. करीमभाऊ तं खाली पंपावर. आमचे हे रातची डिवटी करून आले होते, घरी झोपले होते. मीच उठवलं त्याईले. म्हनलं, तुमी उतरा त्याच्या जागी अन् त्याले घरी धाडा. जातो म्हने. भाकर खाऊन जा म्हनलं, तं म्हने येऊन खातो.

करीमभाऊ आला, दुपारी पोरगी झाली, दोघी जगल्या. मी तिले न्हाऊ घालून राह्यली होती अन् खानीचा भोंगा वाजाले लागला, थांबेचना. शेजारच्या जुन्या बंद खानीतलं पानी भिंत फोडून आलं होतं. करीमभाऊ तसाच पयाला. तीन दिवस तो वरच्या पंपापासून हालला नाई, पानी उपसत राह्यला, तिसऱ्या दिवशी आमचे हे सापडले. खालच्या पंपाजवयच होते, जागा सोडली नव्हती.

मंग वर्सभर करीमभाऊनं माह्याकडं मान वर करून पाह्यलं नाई. खानीत पानी भरलंच होतं, ते काही हटेना, शेवटी खान बंद झाली अन् लोकं घराची दारं-कवेलू काढून गाड्यायनं निघाले. करीमभाऊले दुसऱ्या खानीवर काम भेटलं. जायच्या आधी तो मले म्हने, बाई, चांद्याच्या कचेरीत चाल, घर तुह्या नावानं करून देतो, माह्या जागी गेला तो, माह्यापायी गेला.

मले राहवलं नाई. म्हनलं, भाऊ, तू नाई धाडलं त्याईले, मी धाडलं, झोपेतून उठवून धाडलं, अन् त्याच्यापायी मी घर घेऊ काय? वर्सभर हे मी कोनाजवय काढलं नव्हतं. जैतूनबी पोरीले मांडीवर घेऊन ऐकून राह्यली होती. उठली, पोरगी माह्या वटीत ठेवली अन् म्हने, तुह्या मानसानं हिचा बाप हिच्याजवय धाडला, मंग ही माह्या एकटीची कशी? घर हिच्या अन् तुह्या, दोघींच्या नावानं करा, मंग तं घेशीन?

घेतलं मी. माह्या भासऱ्यानं, यायच्या मोठ्या भावानं, लय कटकट केली, म्हने मुसलमानाच्या पोरीचं नाव काऊन लावलं, काढून टाक. म्हनलं, काढाचं असन तं आधी माहं काढा. मंग तो आलाच नाई कवा.

पोरगी म्हनजे नूर. सुट्ट्यायमदी याची, मंग लगन होऊन इथीच राह्यली, तिचा मानूस शिलाई करते. जैतूनबी, करीमभाऊ, दोघंही गेले आता. बापानं तिले इतकंच सांगतलं होतं का काका खानीत गेला. कोनी धाडला हे नव्हतं सांगतलं. मागच्या महिन्यात मी बिमार पडली, वाटलं आता राहत नाई, तं सांगून टाकलं तिले सारं. तिचं ऐकताना तोंड उतरलं. लय वेय माहे पाय चेपत राह्यली. मंग उठली, चूल पेटवली अन् म्हने, माय, सकायपासून काही खाल्लं नाई तुनं, पेज टाकतो, थोडी तरी घे.

घेतली भाऊ, पोटभर घेतली. आता मले काही मांगाचं नाई. तिचा अल्ला अन् माहा मार्कंडादेव, दोघंही तिले सुखात ठेवो.