आठ बल्बांची आठवण

आपली रेवा मठ्ठ तर नाही ना, या एका काळजीने त्या वर्षी माझी झोप उडाली होती. पहिलीतली पोर. घरी कुणी आलं की मी तिला पाढा म्हणायला उभं करायचे, आणि ती बे त्रिकच्या पुढे हटकून अडायची. माझ्यावर गेली असेल, असंही मनात येई.

तिचे बाबा रत्नागिरीतच पॉलिटेक्निकला शिकवायचे. संगणक लक्षात कसं ठेवतो हे विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांनी एका फळीवर आठ बल्ब आणि आठ रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडले होते. बटण दाबलं की रिले टक् करून चिकटायचा, आणि बोट काढलं तरी बल्ब पेटलेलाच राहायचा. एकदा ती फळी त्यांनी घरी आणली, तेव्हा रेवाने तिसरा आणि सातवा लावला. कौतुकाने हे शेजारच्या काकूंना बोलवायला गेले.

मला नेमकं तेव्हाच खोबरं वाटायचं होतं. फळीची पिन काढून मी मिक्सर लावला आणि वाटण झाल्यावर पिन इमानदारीत परत खोचली. एकही बल्ब लागला नाही.

काकू दारातूनच म्हणाल्या, "काय ओ मास्तर, विसरली वाटतं तुमची फळी?"

"वीज काढली की विसरतेच ती," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

मी ओशाळले आणि सवयीने बोलून गेले, "रेवा, तू तरी काकूंना पाढा म्हणून दाखव."

रेवा फळी आणि काकूंच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही घरी जा. कोणी बघत नसलं की तिला सगळं आठवतं."