सोळा सोमवारांची डॉक्टरीण

नवसाचा विषय निघालाच आहे तर माझा ऐका. गेल्या साली आपलं लातूर नवा जिल्हा झालं, तेव्हाच्या दुष्काळात मी सोळा सोमवार धरले होते. महादेवाला म्हटलं, मोठ्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर येऊ दे. लांबून घागरी वाहून वाहून माझ्या जाऊबाईंचं अंग बाहेर येत होतं, अन् पुरुष डॉक्टरला दाखवायला त्या मेल्या तरी तयार नव्हत्या. नवसाच्या जोडीला गल्लीतल्या आम्ही चाळीस बायकांनी अर्जीही दिली.

उद्यापन झालं त्याच आठवड्यात दवाखान्यावर पाटी लागली, 'महिला डॉक्टर आल्या आहेत.' मी जाऊबाईंना रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीण गोड पोर होती. म्हणाली, "आ करा."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहत आ केला.

"दाढा मजबूत आहेत मावशी. त्रास काय होतो?"

"बाई, घागरी मी दातानं न्हाई उचलल्या."

ती बिचारी दातांची डॉक्टर निघाली. मी तडक दवाखान्याच्या कचेरीतल्या बाबूकडं गेले. त्यानं अर्जी पुढं केली. "बाई डॉक्टर मागितली, दिली. आजार कुठं लिहिलाय?"

लिहिला नव्हता, लाज वाटली होती. पण चाळीस बायका दाढदुखीसाठी अंगठे उठवतील असं ज्याला वाटलं, त्याच्या अकलेला मी कोपरापासून नमस्कार केला.

जाऊबाई अजून सोसतायत. मी पुन्हा सोमवार धरलेत, तुम्हीही धरा. महादेवाला न सांगता कळतं, बाबूला नाही. म्हणून या नव्या अर्जीवरही सही करा. यंदा आजाराचं नाव मी ठळक अक्षरात लिहिलंय.