चार वायरी, चार भोकं

...आणि वर मलाच विचारतो, "दाजी, यात अडलंय कुठं? चार वायरी, चार भोकं." आता मला सांगा, अडलं नसतं तर साठीचा माणूस तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली पालथा पडला असता का? हा कोण, तर हिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. लिफ्टच्या कंपनीत आहे, तिथं काय करतो ते त्या लिफ्टलाच ठाऊक, पण मोटार हा शब्द निघाला की याला आवरणं कठीण. "दाजी, मी रोज आठ-आठ माणसं वर नेणाऱ्या मोटारी बघतो, ही तर मुठीत मावते." अरे, मावते ना मुठीत, मग फिरव की!

तुम्हाला सांगतो, मला मशीनची हौस अजिबात नव्हती. एकतीस वर्षं मी पाट्या रंगवल्या, दुकानांच्या, गॅरेजच्या, शाळांच्या फाटकांवरच्या, पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचो. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. जास्त नाही, पण रेघेला जास्त-कमी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, यानं काही अडणार नाही. त्यांचं काय जातंय, त्यांना कुठं पाट्या रंगवायच्या होत्या? मी काम बंद केलं आणि 'आता कंटाळा आला' असं सगळीकडे सांगून टाकलं. खरं काय ते फक्त हिला माहीत, आणि हिला माहीत म्हणजे हिच्या भावाला माहीत. लेकीला मात्र कळू द्यायचं नव्हतं. का नव्हतं ते विचारू नका, नव्हतं म्हणजे नव्हतं. तर लेकीचाच फोन. ती जनावरांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना काढतेय, रविवारी उघडणार, आणि म्हणते, "बाबा, पाटी दुसऱ्या कुणाची नको. तुमच्याच हातची हवी, मी लहानपणापासून ठरवून ठेवलंय." यावर नाही म्हणणारा बाप मला आणून दाखवा. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि आपला हात बघत बसलो.

तिथं हा मेव्हणा उपटला. "दाजी, चित्र काढायचं मशीन बनवू. तुमच्या जुन्या पाट्यांचे फोटो कॉम्प्युटरात घालायचे, अक्षर तुमचंच, फक्त पेन मशीन धरेल. एक मोटार आडवी नेणार, एक उभी नेणार, झालं." बाहेरची रेघ मशीननं काढायची, आतला रंग मी मनगट टेकवून भरायचा. ऐकायला बरं वाटलं हो! हाच माझा गुन्हा.

मोटारी कुठून आणल्या, तर एक मोडक्या झेरॉक्स मशीनमधून उपसलेली, दुसरी कुठल्याशा प्रिंटरमधली. लेबलं दोन्हींची उडालेली. प्रत्येक मोटारीला आपापला सर्किट बोर्ड लागतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तो तिला हळूहळू पुढं ढकलतो, एकेक पाऊल. बोर्ड आणायला मला पाठवलं. दुकानदार काचेमागून मान वर न करता म्हणाला, "मोटारीला करंट किती लागतो?" मी म्हटलं, मला काय माहीत. "मग बोर्ड कुठला देऊ?" मी म्हटलं, मोटार मुठीएवढी आहे. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. एवढ्या वर्षांत असा पाणउतारा सासऱ्यानंसुद्धा केला नव्हता. शेवटी दोन बोर्ड दिले, सोबत एक घडीचा कागद, आणि म्हणाला, हे वाचा. मी तो मेव्हण्याला दिला. त्यानं त्यावर चहाचा कप ठेवला.

मोटारीच्या चार वायरी बोर्डाच्या चार भोकांत, जोडलं सगळं. बटण दाबलं. मोटार फिरेना. जागच्या जागी गुरगुरायला लागली, दात खाल्ल्यासारखी. मी म्हटलं, अरे, हे काय? "काही नाही दाजी, चार वायरी, चार भोकं, इकडची तिकडं करून बघू." आणि बटण चालूच ठेवून, ऐकताय ना, बटण चालूच ठेवून यानं वायर उपटली. बोर्डातून धुराची बारीक रेघ निघाली. सरळ निघाली, मला निघाली नसती एवढी सरळ.

परत दुकान, तिसरा बोर्ड. दुकानदार म्हणाला, "चालू असताना वायर काढली?" मी म्हटलं, मी नाही, मेव्हण्यानं. तो म्हणाला, "सगळे मेव्हण्यानंच म्हणतात."

घरी आलो तर ही कप बाजूला करून तो कागद वाचत बसलेली. चष्मा नाकावर, आवाज शांत. म्हणते, "अहो, चार वायरी म्हणजे दोन जोड्या असतात. कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या आणि मोटारीचा दांडा बोटानं फिरवायचा. जड लागला की ती जोडी." आणि दोन मिनिटांत दोन्ही मोटारींच्या जोड्या लावून दिल्या, भाजी निवडल्यासारख्या. मी भावाकडे बघितलं. भाऊ म्हणतो, "तेच तर मी म्हणत होतो, ताई. चार वायरी, चार भोकं." अंगाचा तिळपापड झाला, पण बहिणीसमोर बोलायची सोय नाही.

मोटारी फिरल्या. गोल काढून बघू म्हटलं. गोल कसला, अंडं आलं. आडवं, रुंद, बसलेलं अंडं. परत काढलं, परत अंडं. शनिवारची दुपार, पाटीचा पत्रा भिंतीला टेकून वाट बघतोय, लेकीचे फोनवर फोन, "बाबा, वाळली का?" आणि मी काय सांगू, अजून अंडी घालतोय म्हणून? तिसऱ्यांदा दुकान. आता तर मी आत शिरताच तो म्हणाला, "दोन्ही मोटारी सारख्या आहेत?" मी म्हटलं, दिसायला सारख्या. "एक दोनशे पावलांत एक फेरी मारते, दुसरी चारशे पावलांत. दोघींना सारखीच पावलं मोजून दिलीत तर एक अर्ध्यावरच राहणार. बोर्डाखालच्या टोप्या बघा. पहिलीच्या पावलाचे जास्त तुकडे करा." बोर्डाखाली तांदळाएवढ्या काळ्या टोप्या असतात, त्यांवर पावलाचे किती तुकडे करायचे ते ठरतं, टोप्या जास्त तर तुकडे जास्त. हे घरी सांगितलं तर मेव्हणा म्हणाला, "एवढंच ना?" आणि नखानं भराभर टोप्या उपटल्या. एका बोर्डाच्या सगळ्या, दुसऱ्यावर एक ठेवली.

गोल गोल आला. पण कसा? थरथरत. पावलांचे तुकडेच उरले नव्हते ना, मोटारी दणादण पावलं टाकायला लागल्या, टेबल हलतंय, पेन हलतंय, रेघ अशी नागमोडी की बघवत नाही. मी म्हटलं, अरे, मी एवढा खटाटोप हेच टाळायला केला ना? असली रेघ मला फुकटात येते! "दाजी, लांबून कळत नाही." बरं, घड्याळात पाच. पत्रा लावला, नाव काढून घेतलं, मी रंग भरला. दोन्ही बाजूंनी थरथरलेली ती अक्षरं, त्यांच्यामधून माझा थरथरता ब्रश.

रविवारी लेकीनं पाटीवरचा कागद काढला. मी मागं भिंतीला चिकटून उभा, चूक आधीच कबूल करावी की आजारी पडावं या विचारात. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, मला भीती होती तुम्ही दुसऱ्याकडून करून घ्याल. हात थरथरतो ना तुमचा, दोन वर्षं बघतेय मी, चहाचा कप धरता तेव्हा. तरी स्वतःच काढलीत. हे कुणी दुसरं काढूच शकत नाही." आणि डोळे पुसायला लागली. आता दोन मोटारी, तीन बोर्ड आणि एक महामूर्ख मेव्हणा यांनी मिळून काढलंय म्हणू? मी मान हलवली. हिनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मेव्हणा तोंड उघडणार तेवढ्यात ही त्याच्या पायावर उभी राहिली.

इथं संपलं असतं तर मी तुमचा वेळ कशाला घेतला असता? दवाखाना कोपऱ्यावर आहे हो. परवा लेक म्हणाली, "बाबा, बाजूच्या रस्त्याला अजून एक पाटी हवी. पण अशीच, डिट्टो अशीच." मी आनंदानं मशीनच्या खोलीत गेलो, तर हा आधीच तिथं. तो घडीचा कागद शेवटी यानं वाचला होता. टोप्या नीट बसवलेल्या, करंट बेतानं लावलेला, मशीन लोण्यावरून सुरी फिरावी तसं चालतंय, आवाज नाही, रेघ काय, आरशासारखी. "बघा दाजी, आता कुणाची बिशाद आहे थरथरायची!" मी म्हटलं, परत बिघडव. तर म्हणतो, "कसं बिघडलं होतं ते आठवत नाही."

तेव्हा आता दुसरी पाटी मी हातानंच काढतोय. सराव करायची गरज नाही, थरथर पहिल्याच रेघेला बरोबर जमली.