फाळक्यावरचं तोंड

(भुसावळच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून झुलाल पेंटरचं पत्र्याचं शेड. समोर नवी कोरी पांढरी पिकअप. सकाळचे अकरा.)

जीवराम : ...तेच सांगू ऱ्हायलो. कामधेनू काढ. बाईचं तोंड, गाईचं अंग, मोराचं शेपूट. मागच्या फाळक्यावर, पूर्ण. अन् डोळे मोठे काढजो.

झुलाल : काढतो ना, जीवरामभाऊ. पण माझी एक रीत शे. धुळ्याला ज्या पेंटरच्या हाताखाली शिकलो, ते सांगायचे, गाडीवर जो जीव काढायचा तो चालवणाऱ्याच्या स्वभावाचा पाहिजे. नाहीतर गाडीचं आणि त्याचं जमत नाही.

जीवराम : माह्या ट्रॉलीवर गरुड काढला होता, तवा कुठी स्वभाव इचारला?

झुलाल : ट्रॉलीला कसला स्वभाव? ती ट्रॅक्टरच्या मागं जाते. ही पिकअप शे. कोण चालवणार?

जीवराम : हे काय, डिंपल. माह्यी पोरगी. ऐन केळीच्या कापणीत आमचा ड्रायव्हर निंबा गावाले गेला तो आलाच नही. घड कापून बांधावर पडलेले. हिनं ट्रॅक्टर काढला अन् रावेरपर्यंत सहा खेपा केल्या. म्हनून ही गाडी घेतली.

झुलाल : मग प्रश्न ताईला. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

जीवराम : मी कुठी बोलू ऱ्हायलो?

डिंपल : विचारा, झुलालभाऊ.

झुलाल : पहिला. मागून ट्रकवाला उगीच हॉर्न वाजवतोय. काय करता?

डिंपल : काच खाली करते.

झुलाल : बाजू देता?

डिंपल : देते. पण आधी बोलते.

झुलाल : बरं. भर रस्त्यात म्हैस बसलीय.

डिंपल : उतरते आणि तिला चार शब्द सुनावते.

झुलाल : म्हशीला?

डिंपल : तिचा मालक तिथंच कुठंतरी चहा पीत असतो. खरं त्याला ऐकवायचं असतं.

झुलाल : आणि टायर पंक्चर झालं तर?

जीवराम : ते तर तिनं परवाच...

झुलाल : जीवरामभाऊ!

जीवराम : गप बसलो. बोला.

डिंपल : आधी टायरला बोलते. मग जॅक लावते.

झुलाल : बठ्ठ्या, सगळ्या उत्तरांत बोलणंच शे. अशा बाईला कामधेनू कशी काढू? ती तर कधी बोललेली ऐकली नाही.

डिंपल : मला नकोच ती. जो येईल, जे मागेल, ते देत राहायचं. तिला कोणी विचारलं का कधी, की बाई, तुला काय पाहिजे?

जीवराम : घ्या! चांगलं शुभ जनावर सांगतलं, तर त्याच्यात बी खोट.

झुलाल : थांबा, मी सांगतो. ऐरावत. मालाची गाडी, हत्तीला शोभते. पांढरा तर आयताच शे, माझा रंगही वाचेल.

डिंपल : ऐरावत चालतो आणि वर इंद्र बसतो. नको.

झुलाल : मग गरुड. जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना गरुडच पाहिजे.

डिंपल : त्याच्यावर विष्णू. सगळी दुसऱ्यांची वाहनं काय दाखवताय?

जीवराम : अव, पिकअप बी वाहनच आहे ना!

डिंपल : आहे. पण तिच्यावर मी बसणार आहे.

झुलाल : उच्चैःश्रवा घ्या मग. समुद्रमंथनातून निघालेला घोडा, एकदम फर्स्ट क्लास. फक्त खाली नाव लिहायला सांगू नका. मागं एकानं लिहून घेतलं, विसर्ग बाहेर पडला आणि थेट इंडिकेटरवर गेला.

डिंपल : झुलालभाऊ, तुम्हाला कीर्तिमुख काढता येईल का?

झुलाल : कीर्तिमुख? महादेवाच्या देवळात असतं ते? उंबऱ्याला दोन बाजूंना, बटबटीत डोळ्यांचं?

डिंपल : तेच. हे बघा, मोबाईलमध्ये फोटो आहे.

जीवराम : पाहू... अगं माय. राक्षस आहे हा! निस्तं मुंडकं! अन् हे दात! याच्यासमोर उभा ऱ्हायला तर गिऱ्हाईक केळी घेईन का?

झुलाल : दगडात पाहिलंय मी, रंगात कोणी सांगितलं नाही आजवर. पण ताई, स्वभावाचं काय? याच्यात तुमचं काय शे?

डिंपल : तोंड.

झुलाल : म्हणजे?

डिंपल : सांगू का, आबा? की तुम्ही सांगता?

जीवराम : रस्त्यावर काय सांगायचं ते, पोरी.

डिंपल : त्यात लपवण्यासारखं काय आहे? झुलालभाऊ, माझं सासर धुळ्याला, देवपूरमध्ये. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते. भूमिका तिचं नाव. समोर भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. मुलाची आई म्हणाली, मुलगी सुगरण आहे हो. माझी सासू म्हणाली, सगळं भूमिकानंच केलंय, पहाटे उठून. आणि मी भाकरी वाढत होते.

झुलाल : अरे देवा.

डिंपल : मी म्हटलं, भूमिका पहाटे उठली असती तर मीच पेढे वाटले असते.

झुलाल : अरे देवा, देवा!

डिंपल : पाहुणे हसले. मुलगा तर ठसका लागेपर्यंत हसला. भूमिकासुद्धा हसली. सासू नाही हसली. ते स्थळ गेलं.

जीवराम : अन् आठ दिसात ही घरी. जावई दारातून बोलला, तोंड आवरायले शिकवा अन् मग पाठवा.

डिंपल : दोन वर्षं झाली. शिकवायला कोणी मोकळं नाही आणि शिकायला मी. आता काडीमोडाची कागदपत्रंही झाली.

झुलाल : ताई, माफ करा हं... पण पेढ्यांचं उत्तर चांगलं होतं.

डिंपल : मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

जीवराम : पन या मुंडक्याचं काय ते सांग. देवाच्या दाराशी राक्षस काबर बसवला?

डिंपल : महादेवानं रागात एक जीव निर्माण केला. कोणाला तरी खायला सोडला. ज्याला खायचं तो पाया पडला, महादेवानं त्याला माफ केलं. आता हा राहिला उपाशी. म्हणाला, देवा, मला भूक लागलीय, मी काय खाऊ? देव म्हणाला, स्वतःलाच खा.

जीवराम : भुकेल्याले असं सांगतं का कोनी?

डिंपल : सांगितलं. यानंही ऐकलं. शेपटीपासून सुरुवात केली. पाय खाल्ले, पोट खाल्लं, छाती, हात. तोंड तेवढं उरलं, कारण तोंडाला तोंड खाता येत नाही. मग देवाला वाटलं, अरे, हा तर भारी निघाला. म्हणाला, तू माझ्या दाराशी बस. तुला मान दिल्याशिवाय कोणी आत येणार नाही.

झुलाल : इतक्या वेळा उंबरा ओलांडला, मला हे ठाऊकच नव्हतं.

डिंपल : घरी आल्यावर पहिलं वर्षभर मी बोलत नव्हते ना, आबा? आई म्हणायची, पोरीला नजर लागली. नजरबिजर काही नव्हती. मी स्वतःलाच खात बसले होते. असं बोलले नसते तर, तसं वागले असते तर. खाऊन खाऊन जे संपेना ते तोंडच. मग म्हटलं, राहू दे. हेच आपलं.

झुलाल : जीवरामभाऊ? काय झालं?

जीवराम : काही नही. ऊन लागू ऱ्हायलं.

झुलाल : सावलीत तर उभे आहात तुम्ही.

जीवराम : झुलाल, ही तिकडून फोन करायची. रोज काहीतरी सांगायची. मी काय म्हनायचो ठाऊक आहे? गिळून घे, पोरी. दर फोनले तेच. गिळून घे.

डिंपल : आबा, राहू द्या ना. सगळेच बाप म्हणतात.

जीवराम : महादेवानं निदान मागून सांगतलं तरी, दाराशी बस. ही घरी आल्यावर मी काय सांगतलं? पाहुने आले, आत जाऊन बस.

डिंपल : आतली खोली काही वाईट नव्हती. पंखा तिथंच चांगला चालतो.

जीवराम : हसवू नको मले.

डिंपल : मग रडूही नका. झुलालभाऊ दर वाढवतील, गिऱ्हाईक हळवं झालं म्हणून.

झुलाल : ताई, माझ्या डोळ्यात पण काहीतरी गेलंय. थिनर असेल.

जीवराम : काढ.

झुलाल : काय काढू?

जीवराम : तेच. मुंडकं.

झुलाल : विचार करा. घरी वहिनींना पसंत पडेल का? नव्या गाडीवर राक्षस पाहून बेबावहिनी मलाच...

जीवराम : बेबाबाईले मी समजावतो.

डिंपल : तुम्ही?

जीवराम : ...तू समजाव. तुले बोलता येतं.

झुलाल : झालं तर मग. खडूनं आकार घेतो, उभे राहून बघा. डोळे असे. भुवया अशा, वर चढलेल्या. शिंगं?

डिंपल : छोटी. वाटेल तिथं अडकायला नकोत.

झुलाल : दात किती?

डिंपल : मोजू नका, काढा.

झुलाल : रंग?

डिंपल : तोंड लाल, दात पांढरे. बाजूनं केळीच्या पानांची वेल सोडा. सोंग भयंकर असलं तरी आत माल केळीचाच आहे.

झुलाल : आता एकच राहिलं. काही देवळांत ओठ मिटल्यासारखे असतात, काही ठिकाणी जबडा पूर्ण उघडा आणि जीभ बाहेर. ताई, कसं करू?

डिंपल : आबांना विचारा. एवढा वेळ त्यांना कोणी बोलूच दिलं नाही.

झुलाल : बोला, जीवरामभाऊ. जीभ केवढी काढू?

जीवराम : गाडीचा नंबर झाकायले नको, नाहीतर पोलीस धरतीन. बाकी बसंन तेवढी काढ.