माझा गुरुवारचा तास

मुलगी : नाही, त्या खुर्चीत नाही बसणार मी. ती आता आईची झाली ना.

मानसतज्ज्ञ : बस गं. त्यांना यायला अजून वीस मिनिटं आहेत.

मुलगी : म्हणजे खरंच येते ती. गुरुवारी पाच वाजता, माझ्या वेळेला. मला वाटलं, बाहेर टेबलावर बसणारी बाई माझी फिरकी घेतेय.

मानसतज्ज्ञ : तू तीन आठवडे आली नाहीस. माझा फोन उचलला नाहीस. त्यांनी वेळ मागितली, तेव्हा तेवढी एकच रिकामी होती.

मुलगी : रिकामी कशी झाली, तेही सांगा की.

मानसतज्ज्ञ : माझ्यामुळे.

मुलगी : वा. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तुम्ही मला उलटा प्रश्न न विचारता उत्तर दिलंत.

मानसतज्ज्ञ : रागाव. तुझा हक्क आहे तो.

मुलगी : असं मऊ बोलू नका हो. त्या मऊ बोलण्यालाच भुलले मी. एकेकट्याची वही वेगळी, घरच्यांना एकत्र बसवायचं त्याची वही वेगळी, ह्या वहीतलं त्या वहीत कधी जात नाही, असं पहिल्याच दिवशी म्हणाला होतात. दुकानात बसून दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते मी, आणि मलाच दिसलं नाही.

मानसतज्ज्ञ : तुम्हा दोघींना एकत्र बसवलं, त्या दिवशी मी तुझी वही उघडलीच नव्हती.

मुलगी : तोंड उघडलंत.

मानसतज्ज्ञ : हो. तुझी आई सारखं तेच म्हणत होती, 'मी पडदे पोचवायला गेले नसते, तर हे बाथरूममध्ये असे एकटे पडून राहिले नसते.' दोन वर्षं झाली तुझ्या बाबांना जाऊन, आणि ती बाई रोज स्वतःला कुरतडतेय. मला बघवलं नाही.

मुलगी : माझं आठ महिने बघवलं. आणि तिला सांगून मोकळ्या झालात, 'ताई, ते घरात एकटे नव्हते.'

मानसतज्ज्ञ : त्याच्यापुढे मी एक शब्दही बोलले नाही.

मुलगी : गरजच काय होती? तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. मी आले तेव्हा सगळं संपलं होतं, असं अख्ख्या जगाला सांगितलं होतं मी. खरं फक्त तुम्हाला सांगितलं. की सकाळी आमचं भांडण झालं होतं. बाबांनी दोनदा हाक मारली, मला वाटलं नेहमीसारखा टॉवेल विसरले असतील. मी मुद्दाम उठले नाही. म्हटलं, बसू दे ओरडत.

मानसतज्ज्ञ : तू कधी ना कधी त्यांना हे सांगणारच होतीस. आपण त्याच दिशेनं चाललो होतो.

मुलगी : मी चालले होते. तुम्ही ढकललंत.

मानसतज्ज्ञ : चूक झाली. माझ्या वरिष्ठ बाईंनाही मी ती सांगितली.

मुलगी : मग? काय म्हणाल्या त्या?

मानसतज्ज्ञ : म्हणाल्या, ह्यापुढे दोघींपैकी एकीलाच बघ. दुसरीला दुसऱ्या कुणाकडे तरी पाठव.

मुलगी : आणि तुम्ही आईला ठेवून घेतलंत.

मानसतज्ज्ञ : त्या येत होत्या. तू येत नव्हतीस.

मुलगी : घरात एक शब्द बोलत नाही ती माझ्याशी. डबा भरून देते, कपड्यांच्या घड्या करून ठेवते, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की शिलाई मशीन सुरू करते. परवा शिवायला काही नव्हतं, तर चिंधीवरच टीप मारत बसली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इथे बोलते?

मानसतज्ज्ञ : बोलतात.

मुलगी : माझ्याबद्दल काय म्हणते? तेवढंच सांगा, मी पुन्हा ह्या दारात येणार नाही. ती मला माफ करेल की नाही? जे असेल ते ऐकायची तयारी आहे माझी. ह्यासाठीच आलेय मी आज, तुमच्याशी भांडायला नाही.

मानसतज्ज्ञ : ते मला सांगता येणार नाही.

मुलगी : का?

मानसतज्ज्ञ : त्यांनी विश्वासानं सांगितलंय.

मुलगी : आणि मी काय गप्पा मारायला येत होते?

मानसतज्ज्ञ : एकदा तो नियम मोडला, म्हणूनच आता मोडता येत नाही.

मुलगी : बरोबर आहे. हात माझ्यावर बसवलात, आता काम तिचं नीट होईल.

(दार ढकलून आई आत येते.)

आई : मॅडम, लवकर आले का मी? बाहेर बसते.

मानसतज्ज्ञ : नाही, या ताई. ही निघतच होती. पण दोघी आहातच, तर पाच मिनिटं एकत्र बसायचं का?

मुलगी : परत?

आई : नको. मॅडम, हिच्याकडे घराची किल्ली आहे का, तेवढं विचारा. मला इथून पडदे द्यायला जायचंय, उशीर होईल.

मुलगी : आहे आई, किल्ली आहे.

आई : विचारा ना, मॅडम.

मानसतज्ज्ञ : ताई, ती तुमच्यासमोरच उभी आहे. तिनं उत्तर दिलं. तुम्हीच बोला ना तिच्याशी.

आई : ही त्या दिवशी घरात होती, हे मला तुमच्याकडूनच कळलं ना, मॅडम. आता बाकीचंही तुमच्याकडूनच कळू दे.