बिसीचा फेटा

अगं, इथे सिंगापुरात बेडोकला आमच्या शेजारी नायजेरियाची बिसी राहते. तिच्या आईच्या साठीला घालायला तिने मला त्यांच्याकडे बायका घालतात तो निळा फेटा दिला. लगेच माझी लेक इरा कडाडली, "ममी, नॉट ओके लाह! ही दुसऱ्यांच्या संस्कृतीची चोरी आहे."

मी घाबरून बिसीला विचारलं, "तुमच्या लोकांना राग येईल का?"

"नाही घातलास तर आईला येईल."

"मग बांधून दे."

तिने आधी दार लोटून घेतलं. "मला कुठे बांधता येतो? रेडिमेड आहे, मागे वेलक्रो बघ. आईला सांगू नकोस!"

मी धावत जाऊन नवऱ्याचा गणपतीतला फेटा आणला आणि तिच्यापुढे उलटा धरला. त्यालाही वेलक्रोच!

घरी येऊन इराला म्हटलं, "काळजी करू नकोस. कोणी संस्कृती चोरायला आलंच, तर आधी 'चर्र' असा आवाज येईल!"